कोऱ्या फ्लास्कमधला वास

त्या दुपारी फ्लास्कचे बूच काढल्यावर नाकाला जे क्षणात कळले, ते मान्य करायला मला पुढे तीन आठवडे लागले. फ्लास्कवर माझ्याच हस्ताक्षरात 'ब्लँक' असे लिहिले होते. त्यात सिट्रोनेलाल हे सुगंधी तेल होते, कोरडे केलेले द्रावक होते, चुंबकी कांडी होती. शेजारच्या फ्लास्कमध्ये जे होते ते सारे होते, फक्त झिंक ब्रोमाइड हा उत्प्रेरक, म्हणजे प्रक्रियेला वेग देणारा पदार्थ, नव्हता. उत्प्रेरकाविना काही घडत नाही एवढेच दाखवण्यासाठी असा कोरा प्रयोग लावायचा असतो, आणि बहुतेकदा तो लावताना आपले अर्धे लक्ष दुसरीकडे असते. द्रावक उडवून टाकल्यावर तळाशी थोडेसे तेल उरले. सिट्रोनेलालचा वास लिंबाच्या सालीसारखा, तेलकट आणि किंचित झोंबणारा असतो. तो होताच, पण त्याच्या आडून दुसरा एक वास येत होता, पुदिन्याच्या जवळचा, गार, हिरवट. तो आयसोपुलेगॉलचा होता, हे सांगायला मला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती, कारण शेजारच्या फ्लास्कमध्ये मी दोन महिने तोच पदार्थ बनवत होते. प्रयोगशाळेत रसायने हुंगू नयेत हा नियम मलाही शिकवलेला होता, आणि तो नियम मोडणाऱ्यांनाच असे प्रश्न पडतात हेही खरे आहे. जिथे काहीच व्हायला नको होते तिथे साखळीची दोन टोके एकमेकांना भेटली होती आणि वलय मिटले होते.

मग ते मिटवले कोणी?

सिट्रोनेलालचे आयसोपुलेगॉल होण्याची ही प्रक्रिया कागदावर काढून दाखवली की फार साधी दिसते. सिट्रोनेलाल ही दहा कार्बनांची साखळी आहे. तिच्या एका टोकाला अल्डिहाइड, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन, आहे आणि दुसऱ्या टोकाजवळ द्विबंध, म्हणजे दोन कार्बनांमधला दुहेरी बंध, आहे. साखळी वळली की अल्डिहाइडचा कार्बन आणि द्विबंधाचा एक कार्बन समोरासमोर येतात, त्यांच्यात बंध तयार होतो, द्विबंध एक घर पुढे सरकतो आणि कडेच्या मिथिल गटावरचा एक हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो. काही मिळवायचे नाही, काही गमवायचे नाही. अणू तेवढेच राहतात, फक्त सरळ रेणूचा सहा कार्बनांचा वलयी अल्कोहोल होतो. झिंकचे काम एवढेच की त्याने अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला हात लावायचा आणि त्याच्यावरची इलेक्ट्रॉनांची दाटी आपल्याकडे ओढायची, म्हणजे शेजारचा कार्बन भुकेला होतो. पण खरी गंमत वळण्यात आहे. मिटताना रेणू खुर्चीच्या आकारात बसतो, आणि मिथिल गट, नव्याने आलेला ऑक्सिजन आणि तीन कार्बनांचा तो शेपटीसारखा गट या तिघांनाही खुर्चीच्या कडेने बाहेर पसरायचे असते. वरखाली उभे राहून एकमेकांच्या अंगावर येणे त्यांना मानवत नाही. साखळीत आधीपासून एकच कार्बन असा असतो ज्याला डावे-उजवे कळते. त्या एकाच्या आधारावर उरलेले दोन आपापली बाजू ठरवतात. चार वेगवेगळ्या रचना बनू शकतात, आणि झिंक ब्रोमाइड असले की त्यांतली एकच, म्हणजे तिन्ही गट ऐसपैस बसलेली, दहांतल्या नऊ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा बनते. पहिल्यांदा हे एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनांच्या खुणा दाखवणाऱ्या यंत्रात, पाहिले तेव्हा मी ३.४६ च्या आसपासच्या त्या एकाच खुणेकडे बराच वेळ बघत बसले होते. ऑक्सिजनशेजारच्या हायड्रोजनची ती खूण दोन मोठ्या आणि एका लहान अंतराने फुटलेली असते. मोठी अंतरे सांगतात की तो हायड्रोजन स्वतः उभा आहे, म्हणजेच ऑक्सिजन आडवा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या खुर्चीत कोण कसे बसले आहे हे अशा फटींवरून ओळखता येते, याचे मला अजूनही नवल वाटते.

कोऱ्या फ्लास्कने ही सगळी मांडणी उधळली. झिंक नसताना वलय मिटत असेल, तर माझ्या दोन महिन्यांच्या वहीतली यील्डची, म्हणजे हाती आलेल्या उत्पादनाच्या टक्केवारीची, प्रत्येक संख्या संशयित ठरत होती. मी पहिल्यांदा केले ते कोणीही करेल तेच, म्हणजे पुराव्यावर अविश्वास दाखवला. टीएलसीची पट्टी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत पाडणारी सिलिकाची पट्टी, काढली, ठिपके रंगवणाऱ्या अॅनिसअल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून तापवली, आणि सिट्रोनेलालच्या ठिपक्याखाली जांभळट ठिपका उमटला. मग मला आठवले की पट्टीवरची सिलिका स्वतःच आम्लधर्मी असते आणि सिट्रोनेलाल सिलिकावर रेंगाळले तर वळून आयसोपुलेगॉल होऊ शकते. म्हणजे साक्षीदारानेच गुन्हा केलेला असू शकत होता. एनएमआरकडे गेले, तर तिथे नमुना विरघळवायच्या ड्युटेरिअमयुक्त, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या, क्लोरोफॉर्मची बाटली बरेच दिवस उघडझाप होत असलेली. जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये उजेडाने आणि हवेने आम्ल तयार होते आणि तेवढे आम्लही अशा रेणूला पुरते. म्हणजे नळीत काय गेले आणि नळीत काय झाले हे वेगळे करणे अवघड. उरली टेफ्लॉनची चुंबकी कांडी. ती कधीकाळी पांढरी असावी. तिच्या पोटावर राखाडी डाग होते, आणि ते डाग माझ्या आधीच्या कितीतरी जणांच्या प्रयोगांतले धातू होते. टेफ्लॉनला काहीही चिकटत नाही ही समजूत स्वयंपाकघरात चालते. प्रयोगशाळेत अशा कांड्यांच्या ओरखड्यांत पॅलेडियमचे आणि इतर धातूंचे कण दडून बसतात आणि पुढच्या माणसाच्या फ्लास्कमध्ये निमूटपणे काम करतात, हे आता चांगले नोंदले गेले आहे. मी एकटीने प्रयोग करत होते या समजुतीला तिथे पहिला तडा गेला.

सरांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. त्यांनी फक्त विचारले, "बाटलीत काय आहे?" मी म्हटले, "सिट्रोनेलाल." ते म्हणाले, "ते बाटलीवर आहे. बाटलीत काय आहे ते विचारतोय." त्या वेळी मला तो शब्दांचा खेळ वाटला.

बाटलीवर एक आणि बाटलीत दुसरे, या गोष्टीने आमच्या विषयात कितीदा इतिहास घडवला आहे हे मी नंतर वाचत गेले. मला सगळ्यांत जवळची वाटते ती क्रोमियमची गोष्ट. हितोशी नोझाकी, तामेजिरो हियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले की द्विसंयुजी क्रोमियम हॅलाइडयुक्त, म्हणजे क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन असलेल्या, साखळीला अल्डिहाइडशी अतिशय हळुवारपणे जोडते आणि अल्कोहोल मिळतो. १९८३ मध्ये ही पद्धत त्यांनी व्हिनिल आयोडाइडांपर्यंत नेली. हळुवारपणा हा तिचा मोठा गुण होता, कारण गुंतागुंतीच्या रेणूतल्या इतर नाजूक गटांना ती धक्का लावत नसे. पण एक खोड होती. क्रोमस क्लोराइडची, म्हणजे त्याच द्विसंयुजी क्रोमियमच्या क्षाराची, बाटली बदलली की यील्ड बदलत असे. एका बाटलीने प्रक्रिया सुरेख चालायची, दुसऱ्या बाटलीने अजिबात चालायची नाही, आणि दोन्हींवर नाव तेच. १९८६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर काढले. एक गट नोझाकींच्या सहकाऱ्यांचा होता, दुसरा पॅलीटॉक्सिनसारख्या अवाढव्य रेणूच्या मागे लागलेल्या योशितो किशी यांचा. चांगल्या बाटल्यांमध्ये निकेलची भेसळ होती. शेकड्याला एकाहूनही कमी असलेले ते निकेल आधी कार्बन-हॅलोजन बंधात शिरत होते, तो तुकडा क्रोमियमच्या हाती देत होते, आणि मग क्रोमियम तो अल्डिहाइडवर नेऊन ठेवत होते. निकेल वाढवले तर उलट नुकसान होते, तुकडे अल्डिहाइड सोडून एकमेकांनाच जुळतात. म्हणजे अशुद्धी हवी, पण चिमूटभर हवी, आणि ती किती हवी हे त्या बाटल्यांना कोणी सांगितलेले नसतानाही त्यांनी पाळले होते. आज ही प्रक्रिया नोझाकी–हियामा–किशी या नावाने ओळखली जाते, तिच्यात निकेल मोजून घालतात, आणि रेणूची दोन दूरची टोके जोडून मोठे वलय मिटवायचे असेल तेव्हा तिची हमखास आठवण होते. समुद्रातल्या स्पंजात सापडलेल्या हॅलिकॉन्ड्रिन बी या रेणूवरून बेतलेले एरिब्युलिन हे कर्करोगावरचे औषध २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचे मोठे वलय याच पद्धतीने मिटते आणि मिटण्याच्या जागी आधी अल्कोहोलच उगवतो. या सगळ्यात ज्या कुणा अज्ञात कामगाराच्या हातून क्रोमियममध्ये निकेल राहून गेले, त्याची आठवण मला नेहमी येते. त्याला सदोष माल दिल्याबद्दल बोलणीही बसली असतील.

निकेलची ही सवय तशी जुनी. १९५३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्या म्युलहाइमच्या संस्थेत इथिलीन आणि अॅल्युमिनियमचे संयुग दाबाखाली तापवून लांब साखळ्या बनवण्याचे काम चालू होते, आणि एके दिवशी लांब साखळ्यांऐवजी निव्वळ ब्युटीन मिळाले. शोध घेता घेता पोलादी पात्रात राहिलेले निकेलचे अवशेष सापडले. त्यांनी ते पात्र घासून गोष्ट तिथेच संपवली असती तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी उलट विचार केला की निकेल एवढे बिघडवत असेल, तर दुसरा एखादा धातू काय करेल हे एकेक करून पाहू. आणि त्यातून झिर्कोनियम, टायटॅनियम, पॉलिथिलीन आणि १९६३ चे नोबेल असा रस्ता निघाला. ही गोष्ट आम्हाला वर्गात अपघाताने लागलेल्या शोधाचे उदाहरण म्हणून सांगितली होती. मला ती तशी वाटत नाही. अपघात तर सगळ्यांच्याच पात्रांत होत असतात.

माझ्या फ्लास्कमध्ये मात्र असा कोणताही थोर धातू निघाला नाही. कांडी नवी घेतली, काचेची भांडी आम्लाने, मग पाण्याने, मग पुन्हा पाण्याने धुतली आणि भट्टीत सुकवली. कोऱ्या फ्लास्कला पुदिन्याचा वास येतच राहिला. तेव्हा संशय धातूवरून उठून प्रोटॉनवर, म्हणजे आम्लातून सुटणाऱ्या हायड्रोजनच्या नुसत्या गाभ्यावर, गेला, आणि हा संशय जास्त गंभीर होता, कारण तो कोऱ्या फ्लास्कपुरता राहत नव्हता. झिंक ब्रोमाइड हवेतले पाणी अधाशासारखे ओढते. वजन करता करता चमच्यावरची पूड ओलसर, मग चिकट होत जाते आणि तराजूवरचा शेवटचा अंक स्थिरच होत नाही. ओल्या झिंक ब्रोमाइडमधून आम्ल सुटते. मग फ्लास्कमध्ये ऑक्सिजनला हात लावणारा कोण, झिंक की झिंकच्या पाठीमागे लपलेला प्रोटॉन? कागदावर दोघांचे काम सारखेच दिसते. दोघेही अल्डिहाइडच्या ऑक्सिजनवर बसतात, दोघेही कार्बनाला भुकेला करतात. धातूच्या नावाने छापलेल्या कितीतरी उत्प्रेरणांमागे प्रत्यक्षात असा आडवाटेने आलेला प्रोटॉन असतो, आणि तो ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. पिरिडिन या आम्लारीच्या, म्हणजे आम्लाला निकामी करणाऱ्या पदार्थाच्या, नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना दोन धष्टपुष्ट तृतीयक ब्युटिल गट बसवायचे. असा आम्लारी प्रोटॉनला पकडू शकतो, कारण प्रोटॉन चिमुकला असतो आणि त्या दोघांमधल्या बोळातून आत जातो. पण धातू त्या बोळात शिरत नाही. हा आम्लारी घातल्यावर प्रक्रिया बंद पडली तर श्रेय प्रोटॉनचे, चालू राहिली तर धातूचे. मी तो घातला. प्रक्रिया मंदावली, पण थांबली नाही. मला स्वच्छ उत्तर हवे होते आणि मिळाले ते असे, की बरेचसे काम झिंकचे होते आणि काही काम माझ्या ओल्या चमच्याचे होते.

त्या दिवसांत मला धातूंच्या वागण्यातली आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि त्यामुळे निसटते. वलय मिटवणे हे अवघड काम नाहीच. वलय मिटल्यावर धातूने ऑक्सिजनला सोडणे हे अवघड काम आहे. ज्या ओढीमुळे धातू ऑक्सिजनकडे जातो, तीच ओढ त्याला नंतर तिथेच अडकवते. क्रोमियमचे उदाहरण घ्यावे. अल्कोहोल तयार होतो तो क्रोमियमला घट्ट चिकटलेला, आणि म्हणून सुरुवातीला या प्रक्रियेत मूठभर पदार्थासाठी ओंजळभर क्रोमियम लागत असे. त्याला उत्प्रेरक म्हणणे म्हणजे एकदाच वापरायच्या काडीला शेगडी म्हणण्यासारखे होते. अलोइस फ्युर्स्टनर यांनी १९९६ मध्ये त्यात सिलिकॉनचे क्लोराइड आणि मँगनीज घातले. सिलिकॉनला ऑक्सिजनचे वेड क्रोमियमपेक्षाही अधिक, त्यामुळे त्याने ऑक्सिजन हिसकावून घेतला. रिकाम्या झालेल्या क्रोमियमला मँगनीजने पुन्हा इलेक्ट्रॉन दिले आणि ते परत कामावर गेले. टायटॅनियमचेही असेच. दोन पंचकोनी वलयांमध्ये बसलेल्या टायटॅनियमचे लाल क्लोराइड टीएचएफ या द्रावकात झिंकच्या पुडीबरोबर ढवळले की लाल रंग विरत जातो आणि काही मिनिटांत कोवळ्या पालवीसारखा हिरवा उतरतो. हवेचा एक झोत आत गेला की ते पुन्हा नारिंगी-लाल. हे हिरवे टायटॅनियम इपॉक्साइडचे तीन अणूंचे ताणलेले वलय उघडते, ऑक्सिजन स्वतःकडे ठेवते आणि कार्बनावर एक एकटा इलेक्ट्रॉन मोकळा सोडते. तो इलेक्ट्रॉन साखळीतला जवळचा द्विबंध शोधतो आणि नवे, मोठे, निवांत वलय बांधतो. म्हणजे एक वलय मोडून दुसरे वलय. १९८८ च्या सुमारास राजनबाबू आणि न्यूजंट यांनी हे रसायन रुळवले, पण टायटॅनियम सोडत नव्हते तेच, ऑक्सिजन. पुढे दहा वर्षांनी गान्सॉयर यांनी त्यात एक सौम्य आम्ल घातले, एवढे सौम्य की ते टायटॅनियम-ऑक्सिजन बंध तोडेल पण झिंकला खाऊन टाकणार नाही, आणि तेव्हा कुठे थोड्याशा टायटॅनियमवर सगळे भागू लागले. मी तो हिरवा रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि दाखवायला प्रयोगशाळेत कोणी नव्हते.

वलयी अल्कोहोल मिळवायला नेहमी साखळीच वळवावी लागते असे नाही. वलय आयते घेऊन त्यावर काम करणे हा जुना आणि कारखान्यांचा आवडता मार्ग. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल साबातिए यांनी फिनॉलची वाफ आणि हायड्रोजन निकेलवरून नेऊन सायक्लोहेक्झेनॉल मिळवले. आज सायक्लोहेक्झेनला कोबाल्टच्या साहाय्याने हवेने ऑक्सिडाइज करून तेच मोठ्या प्रमाणावर बनते आणि पुढे नायलॉनकडे जाते. त्यात ऐकून आश्चर्य वाटावे अशी गोष्ट ही, की तिथे शेकड्याला चार-पाच रेणूच बदलू देतात आणि बाकीचे परत फिरवतात, कारण अधिक हाव धरली तर अल्कोहोल पुढे जळत जातो. माझी सायक्लोहेक्झेनॉलशी ओळख मात्र एका बाटलीपुरती आहे. ते २५–२६ अंशांना वितळते, म्हणजे हवामानाच्या उंबरठ्यावर. सकाळी बाटली उलटी केली तर ढिम्म, दुपारी काकवीसारखे संथ वाहते, कापराच्या जवळचा वास सोडते. त्यात थोडे पाणी शिरले तर वितळण्याचा अंश भराभर खाली येतो, म्हणून थंडीतही ते गोठत नसेल तर समजावे की ते शुद्ध नाही. स्वतःच्या अशुद्धीची कबुली इतक्या सरळपणे देणारे दुसरे रसायन माझ्या पाहण्यात नाही. सिट्रोनेलालकडून मी तीच अपेक्षा केली, हे माझे चुकले.

आयसोपुलेगॉलच्या पुढची पायरी मेंथॉलची, आणि तिथे या सगळ्या धातूंची रांगच लागते. मेंथॉलच्या सहा कार्बनांच्या वलयावर तीन ठिकाणी डावे-उजवे ठरायचे असते, म्हणून त्याच नकाशाचे आठ वेगवेगळे रेणू होऊ शकतात आणि त्यांतला एकच तो ओळखीचा, जिभेला गार करणारा. थायमॉलचे आयते वलय घेऊन त्यावर हायड्रोजन चढवला तर आठही रेणू मिळतात आणि पुढचे सगळे कष्ट हवा तो वेगळा काढण्याचे, नको ते परत भट्टीत ढकलण्याचे. दुसरा मार्ग जपानमधल्या ताकासागो कंपनीने १९८० च्या दशकात उद्योगात आणला, रिओजी नोयोरी यांच्या रसायनावर उभा असलेला. त्यात ऱ्होडियम एका वळलेल्या, उजव्या-डाव्या हातासारख्या संयुगाला धरून बसतो आणि साखळीतला एक द्विबंध अशा शिस्तीने सरकवतो की मिळणारे सिट्रोनेलाल वनस्पतीतल्या सिट्रोनेलालहूनही अधिक एकहाती, म्हणजे एकाच हाताच्या रेणूंचे, असते. मग झिंक ब्रोमाइड ते वलयात मिटवते. मग निकेल उरलेल्या द्विबंधावर हायड्रोजन ठेवते आणि मेंथॉल होते. नोयोरींना २००१ चे नोबेल मिळाले तेव्हा सगळीकडे ऱ्होडियमच्या पायरीचे चित्र छापले गेले, आणि ते योग्यच होते; ऱ्होडियमचा एक अणू तिथे लाखांच्या घरात रेणू घडवतो. पण माझी नजर नेहमी मधल्या बाणावर जाते, ज्याच्यावर बारीक अक्षरांत झिंक ब्रोमाइड एवढेच लिहिलेले असते. वलय तिथे मिटते. दोन नवे कार्बन आपली बाजू तिथे निवडतात. आणि इतके करून हाती येणारे मेंथॉल स्वतः गार नसतेच. ते त्वचेतल्या चेतातंतूंवरच्या थंडी ओळखणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. ते प्रथिन २००२ मध्ये सापडले आणि त्या कामाचा वाटा २०२१ च्या नोबेलमध्ये आहे. तंतू मेंदूला कळवतो की गारवा आला, आणि तापमान तर जिथल्या तिथे असते. जीभही लेबल वाचूनच मोकळी होते म्हणायची.

शेवटी मी केले ते, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते. बाटलीतला एक थेंब घेतला, क्लोरोफॉर्मऐवजी ड्युटेरिअमयुक्त बेंझीनमध्ये विरघळवला, आणि काहीही न मिसळता, न ढवळता, न तापवता तसाच एनएमआरला दिला. अल्डिहाइडची खूण तिच्या जागी दूर एकटी उभी होती. आणि इकडे द्विबंधाच्या टोकावरच्या दोन हायड्रोजनांच्या, आयसोपुलेगॉलच्या, दोन बुटक्या पण निःसंदिग्ध खुणा होत्या. हिशेब केला तर बाटलीतला प्रत्येक नववा रेणू आधीच मिटलेला होता. बाटली माझ्याही आधीची होती. वर्षानुवर्षे उघडताना तिच्यात हवा जात राहिली, हवेने थोड्या अल्डिहाइडचे आम्ल केले, आणि ते आम्ल शेल्फवरच्या अंधारात, कोणी वही उघडलेली नसताना, सावकाश तेच काम करत राहिले जे मी दिवसा मोठ्या तयारीने करत होते. कोऱ्या फ्लास्कमध्ये काहीच घडले नव्हते. जे घडायचे ते आधीच घडून गेले होते. आणि रोज त्या बाटलीतून सिरिंज भरताना मला पुदिना कधीच का जाणवला नाही, याचे उत्तर एवढेच, की मी आधी लेबल वाचत होते आणि मग श्वास घेत होते.

सोडिअम बायकार्बोनेटने धुऊन, कोरडे करून, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित केलेल्या सिट्रोनेलालचा नवा कोरा फ्लास्क मी पूर्ण चोवीस तास ढवळला. टीएलसीवर एकच ठिपका आला. बूच काढून हुंगले, निव्वळ लिंबू. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण त्यात काहीतरी रिते होते, जणू रोज भेटणारे कोणी आज आले नाही. झिंकच्या फ्लास्कचे यील्ड ८८ वरून ७९ वर उतरले, कारण इतके दिवस मी बाटलीचेही काम झिंकच्या खात्यावर मांडत होते. तक्त्यात कोऱ्या प्रयोगासमोर 'नगण्य' असा शब्द गेला. तो शब्द खरा होता. त्याच्यामागचे तीन आठवडे तक्त्यात बसण्यासारखे नव्हते, आणि सरांनी त्यांच्यासाठी एक ओळही मागितली नाही. त्यांनी फक्त सांगितले की जुनी बाटली टाकून दे.

मी ती टाकली नाही. फ्यूम हूडच्या खालच्या कपाटात, मागच्या रांगेत ठेवून दिली, आणि ठेवण्याआधी लेबलवरच्या छापील नावाखाली पेन्सिलने तारीख घातली. मग थोडा विचार करून नावापुढे आणखी एक शब्द लिहिला: 'अंदाजे'.